पाण्याचं कुंपण

१९ जानेवारी, रविवार

बसलं एकदाचं. सकाळपासून व्हिडिओ कॉलवर बाळाच्या मानगुटीवर बसले होते. तो तिकडे गावात पाइपला आटे पाडतोय आणि मी इकडे काळाचौकीत कांदे चिरत ओरडतेय, "अरे तोंड गवताकडे कर! भिंतीकडे नको!" बाळा म्हणजे आमच्या वाडीतला वायरमन, प्लंबर, सगळं तोच. घराभोवती पाइपाचा पूर्ण फेर, आणि थोड्या थोड्या अंतरावर आमच्या वर्कशॉपची पितळी नोझलं. विहिरीवर मोटर, मोटरला मोबाईल स्टार्टर. इथून रिंग दिली की तिकडे मोटर चालू, परत रिंग दिली की बंद, आणि दर वेळी मेसेज. मांगराच्या, म्हणजे गुरांच्या जुन्या खोपीच्या, कोपऱ्यावर सिमवाला कॅमेरा; त्यातून ओटी, अंगण, घराची मागची बाजू, सगळं दिसतं.

हे म्हणाले, "हाक आता उंटावरून शेळ्या." म्हणू देत. गेल्या साली वणवा खालच्या काजूंपर्यंत आला होता. तात्यांनी एकट्याने, पंच्याहत्तरीला, ओल्या गोणपाटाने झोडून विझवला आणि मला कळवलं आठ दिवसांनी! आई गेल्यापासून एकटेच आहेत तिथे. मुंबईला या म्हटलं की फोन ठेवतात.

पहिली रिंग मीच दिली. चारी बाजूंनी पाणी उडालं, मधे घर. मला रडूच आलं. तात्या ओटीवर उभे होते, खूश झालेत असं काही वाटलं नाही. नुसते एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बघत राहिले.

२१ जाने.

सुजाताला व्हिडिओ दाखवला. रे रोडच्या वर्कशॉपात टेस्टिंगला आम्ही दोघीच, अठरा वर्षं एका टाकीवर. हीच नोझलं आम्ही बाहेरदेशी पाठवतो, जंगलाकडेच्या बंगल्यांसाठी. त्या ऑर्डरीतली उरलेली शेठनी मला दिली.

सु. म्हणे, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इथे आजूबाजूला सगळ्या लाकडाच्या वखारी, त्यांना एक नोझल नाही आणि बाई गावाला पाणी मारतायत." हसलो खूप.

संध्याकाळी तात्यांचा फोन. स्वतःहून. "गो नंदा, ह्या सगळा गोल केलंस? खंयच मोकळा नाय ठेवलंस?"

"कशाला ठेवायचं मोकळं? तिथून आग शिरेल."

"बरां."

ह्या 'बरां'चा अर्थ बरं असा कधीच नसतो.

३० जाने.

दुपारी डबा उघडला आणि मेसेज आला. मोटर चालू. मी रिंग दिलेली नाही. तात्यांना फोन लावला, वाटलं चुकून दाबलं गेलं. "मी नाय लावलंय. मी जेवतंय." मागे ताटाचा आवाज येत होता. कॅमेरा उघडून बघितलं. रखरखीत ऊन, सगळे फवारे चालू, अंगणात चिटपाखरू नाही. रिंग देऊन बंद केलं.

बाळा म्हणतो, स्टार्टरमधे दोनच नंबर घातलेत, माझा आणि तात्यांचा. तिसऱ्याच्या रिंगवर चालूच होणार नाही.

३ फेब्रुवारी

परत तेच. परत भर दुपारी. आज बंद करायला गेले तर नेटवर्क नाही. बंद होईपर्यंत माझा जीव टांगणीला. बाळाने विहिरीत डोकावून सांगितलं, पाणी चांगलंच खाली गेलंय. आमची विहीर मे महिन्यात तळ दाखवते, ती अशी वाया गेली तर फेब्रुवारीतच दाखवेल. खरा वणवा येईल त्या दिवशी नोझलं नुसती खोकतील. म्हणजे घर जाईल, आणि तात्या घर सोडून पळणाऱ्यातले नाहीत.

ह्यांना सांगितलं. "चायनीज माल," म्हणून पेपरात डोकं घातलं.

५ फेब्रु.

आता मेसेजची वाट न बघता मीच कॅमेरा बघते. सवयच लागली. आज कामावरून येऊन देवाजवळ दिवा लावला आणि मोबाईल उघडला. तिकडे तिन्हीसांजा झालेल्या. पाइपाच्या पलीकडे, गवतात, एक उजेड. बॅटरीचा पांढरा नाही, लाल, हलता. कोणीतरी चूड घेऊन चालतंय असं वाटलं, माडाच्या पेटत्या झावळीची आम्ही करायचो तशी. उजेड नोझलापाशी येतो, थांबतो, मागे जातो. पुढच्या नोझलापाशी येतो, थांबतो. असं करत करत पूर्ण घराला फेरी. आत मात्र येत नाही. चूड धरणारा काही दिसला नाही.

तात्यांना फोन केला. "बाहेर कोण आहे बघा जरा."

"माका म्हायत आसा कोण आसा. तू पाणी सोडू नको."

आणि फोन ठेवला. माझा हात स्टार्टरच्या नंबरवर, आणि दाबवेना. आग आहे की माणूस हेच ठरवता येईना. मग उजेड दिसेनासा झाला. आमटी करपली.

६ फेब्रु.

सु.ला सांगितलं. ती म्हणाली, गुराखी असेल, विडी पीत असेल. एवढी मोठी विडी? "मग टॉर्चची सेल उतरली असेल. भुतंबितं काय नाय गं, माझा बाप स्मशानाशेजारी राहिला जन्मभर, एक दिसलं नाही त्याला." तिचं बरोबरच आहे. तिच्याशी बोललं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी घेऊन घरी आले.

९ फेब्रु., रविवार

तात्या आज बोलले. तासभर. जन्मात एवढे बोलले नसतील माझ्याशी.

म्हणाले, आपल्या जागेचा राखणदार रोज हद्दीची फेरी मारतो. भर दुपारी एक, तिन्हीसांजेला एक. हातात चूड. आपल्या घरामागून त्याची वाट येते, अंगणातून जाते, पाणंदीला उतरते. म्हणून गावात कोणी घराभोवती दगडांचा गडगा बंद घालत नाही, एक फट ठेवतात. मला आठवली आमच्या मागच्या गडग्यातली ती फट. आई तिथे कपडेसुद्धा वाळत घालायची नाही, मी एकदा तिथे भातुकली मांडली तर फटका दिला होता. विसरूनच गेले होते मी. आणि बाळाने पण नाही आठवण केली, मेल्याने. म्हणे तुम्ही एवढ्या ओरडत होता, मला वाटलं तात्यांना विचारलं असेल.

"आग हातात घेवन फिरणारो तो. आणि तू सगळ्या बाजून पाणी बांधलंस. आता माका एक सांग, तुया तेका भायर ठेवलंस, काय भितर?"

तरी म्हटलं, तात्या, रोज दुपारी मोटर कोण लावतं मग? तो कशाला पाणी सोडेल स्वतःवर?

"तो नाय लावणा. तो हात लावता, तुझा यंत्र घाबारता."

हसू पण येईना. मग म्हणाले, "मिल बंद झाल्यार वीस वर्सां वॉचमनकी केलंय मी परळाक. राउंड चुकलो की वॉचमनाक काय वाटता, ता तुका नाय कळाचा. थयच बसान रवता तो. दुसरा काय करूक येणा नाय तेका."

मी म्हटलं, मी नोझल काढणार नाही. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. तर म्हणाले, "माझोच जीव मा? मग माका ठरवंदे."

कप्पाळ माझं.

१३ फेब्रु.

गावच्या गाडीने पार्सल आलं. कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ, आणि फडक्यात गुंडाळलेलं एक नोझल. मागच्या फटीसमोरचं. तात्यांनी स्वतः पान्याने काढलं आणि पाइपला तिथे बूच मारलं! वर चिठ्ठीचपाटी नाही. राग आला एवढा की पीठ उचलून माळ्यावर टाकलं.

१४ फेब्रु.

नोझल वर्कशॉपात नेलं. टेस्टिंगला लावलं तर फवारा फाटका. सु.ने आत तार घातली, बाहेर आली राख. बोटावर घेऊन चोळली, खरी राख. काळी, बारीक, गवताची असते तशी.

पाण्याच्या नोझलमधे राख. पंपाला जाळी आहे, वाळूचा कणही जात नाही. आणि बाहेरून गेली म्हणावं तर गावात ह्या साली अजून कुठे आगही लागलेली नाही.

सु.ने नोझल टाकीच्या कडेवर आपटून बघितलं. मग म्हणाली, "चुलीजवळ ठेवलं असेल तात्यांनी." मग परत म्हणाली, "असेलच." आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

१७ फेब्रु.

बूच मारल्यापासून मोटर एकदाही आपोआप लागली नाही. विहीर टिकून आहे. तिन्हीसांजेला उजेड येतो, त्या मोकळ्या जागेतून आत येतो, अंगण ओलांडतो, खाली उतरतो. न थांबता. मी रोज बघते. ह्यांना एकदा दाखवलं, ते म्हणाले, काजवा असेल कॅमेऱ्याच्या काचेवर. फेब्रुवारीत काजवा!

म्हणजे सगळं सुरळीत आहे. आणि मला झोप नाही. कारण मला फक्त ती फट दिसते. अठरा वर्षं मी हेच काम केलंय, फवाऱ्यात कोरडी जागा शोधायची आणि माल परत पाठवायचा. आणि माझ्या बापाच्या घराला कोरडी जागा, मागच्या दाराच्या सरळ रेषेत, वर सगळा डोंगर सुकलेलं गवत.

बाळाला सांगितलं, नवीन नोझल पाठवते, गुपचूप लाव. "माका नको सांगा नंदाताय. दुसरो कोण तरी बघा." पैसे जास्त देते म्हटलं तर त्याने अपमान झाल्यासारखा फोनच कट केला.

२५ फेब्रु.

लागला वणवा.

दुपारी टाकीवर होते. बाळाचा फोन, "वर डोंगराच्या सड्यार आग, वारो आमच्याच बाजून." तात्या फोन उचलेनात. स्टार्टरला रिंग दिली. मेसेज नाही. परत दिली. सु.ने तिच्या फोनवरून बाळाला धरून ठेवलं होतं. परत दिली. आला मेसेज. शेठ, लेथवरची मुलं, सगळी माझ्यामागे उभी. कॅमेऱ्यात आधी पाणी, मग धूर, मग काही नाही नुसतं पिवळट. आवाज येत नाही त्या कॅमेऱ्याला. बरंच आहे.

आग खाली आली. पाण्याच्या कड्यापाशी येऊन अडली, दोन्ही बाजूंना फाकली. मी मोठ्याने म्हणत होते, "धर, धर, धर." नोझलांना म्हणत होते.

आणि मग मागच्या मोकळ्या जागेतून काहीतरी आत आलं.

मी लिहिते आहे तसंच दिसलं, जास्त नाही, कमी नाही. वणवा धावतो, गवतावरून उड्या मारतो. हे चालत होतं. धुराच्याच रंगाचं, उभं, माणसाच्या चालीने. अंगण अर्धं ओलांडलं आणि थांबलं. ओटीकडे वळलं. तात्या ओटीवर होते, पायरीवर बसलेले. उठले. आणि कॅमेरा गेला.

सु.ने माझा हात धरला होता. तिनेही बघितलं.

तात्या ठीक असल्याचा फोन यायला संध्याकाळ झाली. बाळा पोचला होता. घराला काही नाही. म्हातारा ओटीवर बसून सुपारी कातरत होता म्हणे. त्यांनी मला निरोप दिला, "मोटर बंद कर, पाणी संपला." मी घळाघळा रडले. मग शिव्या दिल्या. मग परत रडले.

२६ फेब्रु.

बाळाने व्हिडिओ पाठवला. घराभोवती ओलं हिरवं पिवळं कडं आणि पलीकडे सगळं काळं, काजू, करवंदी, गडग्याचे चिरे सुद्धा काळे. विहिरीत चिखल. हे अपेक्षितच होतं.

पण मागच्या फटीपासून वर डोंगरात एक पट्टा आहे. गवत उभं, पिवळं, जळलेलं नाही. माणूस चालेल एवढाच रुंद. वळत वळत वर गेलाय, दोन्ही बाजूंना राख. तिथे पाणी पोचत नाही. पोचूच शकत नाही, मी तो फवारा मोजलेला आहे. जिथे आग शिरायची तिथेच ती लागली नाही.

व्हिडिओत नुसता बाळाचा श्वास ऐकू येतो. पट्ट्यावर त्याने पाय ठेवला नाही, कडेने राखेतून चाललाय.

२८ फेब्रु.

पाणी नाही, लाईट नाही, म्हणून तात्या यायला तयार झाले. बाळाने गाडीत बसवून दिलं. आम्ही दोघं लालबागला उतरवून घ्यायला गेलो. उतरले ते अनवाणी.

"चपला कुठे?"

"दिलंय."

"कोणाला?"

"तेच्या पायात काय नव्हता गो. भाजलेले पाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाळाला फोन केला, तो म्हणाला वाडीतलं कोणी भाजलेलं नाही. तात्या टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसले, नवीन टॉवर मोजत. "ह्या मिलीच्या जाग्यार मा?" म्हणून विचारलं. हो म्हटलं.

२ मार्च, रविवार

तात्या दुपारी जेवणावरून उठतात आणि चाळीच्या गॅलरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतात. तिन्हीसांजेला परत. शेजारची म्हणते, काका शतपावली करतात वाटतं. हो म्हटलं.

सु. भेटायला आली, चिकू घेऊन. तात्यांना म्हणाली, "एवढ्या धुरात होतात, माणसाला काहीबाही दिसतं." तात्या म्हणाले, "असात." तिला अजून एक चहा द्यायला लावला. जाताना दारात मला हळूच म्हणाली, "ते आले त्या दिवसापासून वणव्यातलाच सदरा घालतायत ना? धुराचा वासच नाही गं त्याला." मला आधीच कळलं होतं. मी बोलले नव्हते.

शिमग्याला गावी परत जायचं म्हणतायत. गेले तर कायमचे जातील. मी सांगितलं, खुशाल जा, पण आधी ती फट बंद होणार. तालुक्याचा एक प्लंबर कबूल झालाय. यंदा वाचलात, दर साली वाचाल असं कोणी लिहून दिलंय?

"बंद केलंस तर मी फटीच्या भायर जावन बसतलंय," म्हणाले. धमकी नव्हती ती, जेवायला काय आहे असं विचारावं त्या आवाजात म्हणाले.

हे म्हणाले, "नंदा, सोड ना." मी ह्यांच्यावरही ओरडले. माझा एकच बाप आहे.

४ मार्च

अर्धा दिवस सुट्टी. सकाळी ते फटीसमोरचं नोझल शेवटचं टेस्टिंगला लावलं. स्वच्छ, भरगच्च फवारा, कुठे तुटत नाही. सु.ने पास म्हणून खूण केली.

येताना लालबागला चपलांच्या दुकानात गेले. तात्यांसाठी साध्या घेतल्या, आठ नंबर. पैसे दिले, पिशवी घेतली, पायरी उतरले, आणि परत आत गेले. म्हटलं, अजून एक जोड द्या. चामड्याच्या, जाड तळाच्या, उन्हातान्हात चालायच्या.

"नंबर काय?"

मला सांगता येईना. मागे माणसं खोळंबली. पोरगा म्हणाला, मावशी, कोणासाठी आहेत ते तरी सांगा, अंदाजाने देतो.

"गावी एक वॉचमन आहे," म्हटलं.

त्याने असतील नसतील त्यातल्या सगळ्यात मोठ्या काढून दिल्या.

घरी येऊन खोका भरला. खाली नोझल, वर वहाणा. प्लंबरला नोझल लावायला सांगायचं, वहाणा बाळाला फटीपाशी ठेवायला. माझ्या परीने मी दोघांचंही केलं होतं. तात्या पलंगावर बसून बघत होते. जवळ आले, वहाणा उचलल्या, तळ बोटांनी दाबून बघितला, चांगल्या आहेत म्हणाले. मग परत खोक्यात ठेवल्या, नोझलाला हात न लावता.

"नंदा, दोनय जमाचा नाय गो. वहाणो दियाच्यो आणि वाट बंद करूची? एक काय ता धाड."

गावची गाडी संध्याकाळी लालबागहून सुटते. हे दोनदा विचारून गेले, पार्सल तयार आहे का, मी टाकून येतो. तात्या गॅलरीत फेरीला गेलेत. चिकटपट्टी हातात आहे, खोका अजून उघडाच.